हळदूचा गळा

"आते?" नानांनी विचारलं. आता?

मी त्यांच्यासमोर उभी होते. डाव्या हाताने ते एका मोडक्या पेटीचा भाता दाबत होते आणि उजव्या हातात हळदूच्या लाकडाची आखूड, पोकळ नळी होती. भात्यातली हवा सुरातून, म्हणजे पेटीच्या थरथरणाऱ्या पितळी पट्टीतून, नळीत शिरत होती आणि दुसऱ्या टोकातून आवाज बाहेर पडत होता. तो कसा आहे, हे नानांना कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते.

नळीने "आ" म्हणायचं होतं, तेही सहा महिन्यांच्या बाळासारखं. प्रत्यक्षात ती कुणीतरी नाक दाबल्यासारखी गेंगाणत होती. कारखान्याच्या दाराशी तंबाखू मळत बसलेले आमचे मालक भूपेंद्रभाई म्हणाले, "अल्या हिलाल, आ शुं वगाडे छे? बोकडो मरे छे के?"

नानांची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांना फक्त मी दिसत होते.

"उना," मी म्हणाले. आला.

तेही आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. आमच्या घरात नानांशी सगळे असंच बोलत.

आवाज आला नव्हता. मी तेरा वर्षांची होते, ती नववी नळी होती आणि शाळेतून थेट कतारगामच्या कारखान्यावर येऊन मी दोन तास उभी होते. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले की त्यांच्या बोटांवरचे फोड पाहून मला दया आली. तसं काही नव्हतं. माझे पाय दुखत होते आणि मला घरी जायचं होतं.

नानांनी नळी गालावर घासून पाहिली, कागदात गुंडाळली आणि खिशात ठेवली. घरी जाताना बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

नाना, म्हणजे माझे वडील हिलाल उखा बोरसे, चौऱ्याहत्तर साली शिंदखेड्याकडून सुरतेला आले आणि बारा वर्षं लूमवर राहिले. लूमच्या शेडमध्ये कुणी कुणाला ऐकू जात नाही. तिथे माणसं ओठ आणि हात हलवून बोलतात. दहा मशिनींपलीकडच्या माणसाला कुणी शिवी दिली तरी ती बरोबर पोचते. हळूहळू नानांना शेडबाहेरही तसंच बोलणं लागायला लागलं. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. एके दिवशी "थांब" अशी आरोळी त्यांना ऐकू आली नाही आणि त्यांनी मशीन चालू केली. कुणाचा हात गेला नाही, पण जाऊ शकला असता. संध्याकाळी त्यांचा हिशेब झाला.

मग ते भूपेंद्रभाईंच्या लाकूड कातायच्या खरादीवर लागले. लूमच्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी लाकडी कांडी बसते ती इथे व्हायची. खरादीच्या कामाला कान लागत नाहीत. नाना कांडीवरून बोट फिरवत आणि आतली चीर बाहेरून सांगत. घरी माय त्यांच्याशी ओठांनीच बोले. नवागामच्या आमच्या चाळीत नवीन आलेल्या भाडेकरूंना पहिले काही दिवस वाटे की बोरश्यांच्या घरात अबोला आहे.

नळ्यांचं काम गायत्रीबेननी आणलं. त्या एका मोठ्या दवाखान्यात लहान मुलांचं बोलणं सुधारण्याचं काम करत. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पळापळीला दीड वर्ष झालं होतं, गावी गेलेली माणसं परत आली होती आणि त्यांच्याकडे आमच्याच वस्त्यांतल्या बायकांची रांग लागत होती. दोन वर्षांचं पोर बोबडं बोलतं, जीभ कापून द्या. कुणी तर आधीच जिभेखाली ब्लेड फिरवून आणलेलं असे. गायत्रीबेन समजावून थकल्या. शेवटी त्यांनी ठरवलं की गळा कसा वाढतो हे बायकांना ऐकवायचंच. मोठ्या माणसाच्या कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी जशी असते तशी नळी, तीन वर्षांच्या मुलाची तशी, आणि सहा महिन्यांच्या बाळाची तशी. खाली सूर लावून हवा सोडली की नळी बोलते.

मोठ्या माणसाची नळी नानांनी नकाशा पाहून एका दिवसात केली. ती पहिल्याच फुंकीला इतक्या भारदस्तपणे "आ" म्हणाली की भूपेंद्रभाईंचा चहा सांडला. गायत्रीबेननी टाळ्या वाजवल्या. मुलांचा नकाशा मात्र त्यांच्याकडे नव्हता, फक्त एकूण लांबी होती. बाळाची साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्याच्या निम्मी.

"रविवार पछीना रविवारे नवागामनी शाळामां बहेनोने भेगी करवी छे," त्या म्हणाल्या. बायकांना जमवायच्या त्या रविवारपर्यंत बाळाची नळी झाली नाही तर अहमदाबादच्या कुणाकडून तरी करून घेऊ, असं त्यांनी भूपेंद्रभाईंना हळूच सांगितलं. बहिऱ्याने वाजणारी वस्तू करावी याचंच भूपेंद्रभाईंना हसू आलं. "बहेरो माणस वागे एवी वस्तु बनावे, ए ज नवाई छे ने!"

नानांना गुजराती ओठ नीट वाचता येत नसत. पण "बहिरा" हा शब्द ते कुठल्याही भाषेत, कुठल्याही ओठांवर ओळखत.

त्या रात्री जेवताना मायने त्यांना कारण विचारलं, "एक लाकूडना तुकडासाठे काब्र इतला जीव टाकी राहिनात?"

नाना भाकरी मोडत थांबले. मग त्यांच्या त्या सपाट, थोड्या मोठ्या आवाजात म्हणाले, "योगीना आवाज मनाजोडे तीन वरीसनाच शे. पुढला नही."

मी तीन वर्षांची असताना त्यांचे कान गेले होते. एवढ्या वर्षांत हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं, की त्यांच्यापाशी माझा एक आवाज आहे आणि तो तिथेच थांबलेला आहे.

गायत्रीबेननी नववी नळी भात्यावर लावली, वाजवली, आणि माझ्याकडे पाहिलं. नानांकडे नाही, माझ्याकडे.

"ये बच्चा नहीं है, योगिता," त्या म्हणाल्या. "ये छोटा किया हुआ आदमी है. तूने सुना नहीं था?"

नाना वाट बघत होते. मला ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवायचं होतं. मी ओठ हलवले. "त्या म्हनतस, हाई पोऱ्या नही. धाकला करेल मानूस शे."

नानांनी नळी परत घेतली. कागदात गुंडाळताना त्यांची बोटं नेहमीसारखीच सावकाश चालली. बसस्टॉपवर आल्यावर ते म्हणाले, "तुले मालूम व्हतं."

मी मान हलवली.

"कान खोटं बोलना ते मानूसनी कोठे जावं, बेटा?"

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा मायने सांगितलं, शाळा सुटल्यावर कतारगामला यायला नानांनी नको म्हटलंय. तिसऱ्या दिवशीही तेच. भूपेंद्रभाईंच्या कांड्या करून झाल्यावर ते एकटेच नळीशी बसत आणि भाता दाबून बोट तिच्या तोंडाशी धरत. बायका जमणार त्या रविवारला आठ दिवस उरले होते.

शनिवारी दुपारी ओट्यावर मंदा लखनला पाजत बसली होती. मंदा आमच्या शेजारची, आणि तिचा लखन सहा महिन्यांचा. नाना समोर पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते आणि टक लावून तिच्याकडे बघत होते. माय आतून तांदूळ निवडत बाहेर आली, तिने ते पाहिलं आणि सूपच खाली ठेवलं.

"काय दखी राहिनात? काही लाज शे का?" हे मात्र ती चांगलं मोठ्याने म्हणाली, साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं.

मंदाने पदर ओढला. नाना मायचे ओठ वाचून गोरेमोरे झाले, पण उठले नाहीत.

"तो दम लेवाले थांबस नही," ते म्हणाले.

"कोन?"

"लखन. पेस बी, दम बी लेस. दोन्ही संगेच."

आणि मग, आपण खरं बोलतोय हे दाखवायला म्हणून, त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिता पिता नाकाने श्वास घ्यायला गेले. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. तांब्या ओट्यावरून गडगडत खाली गेला. मंदाच्या सासूपासून समोरच्या दुकानदारापर्यंत सगळे हसले. मंदा तर इतकी हसली की लखनच्या तोंडातून स्तन सुटला आणि तो रडायला लागला.

"हिलालभाऊ, तुमले बी पाजाले पाहिजे का आते?" ती म्हणाली.

पुढे मी पुस्तकांतून वाचलं, की तान्ह्या बाळाचा कंठ इतका वर असतो की जवळजवळ नाकाच्या मागच्या दाराला टेकतो. दूध त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली जातं आणि श्वास आपल्या वाटेने चालू राहतो. मग पहिल्या काही वर्षांत कंठ उतरत जातो, मागे गळ्याची जागा मोकळी होते, जिभेला फिरायला अंगण मिळतं आणि त्या अंगणात माणसाची भाषा उभी राहते. त्या बदल्यात त्याला जन्मभर ठसका लागतो. हे सगळं छापलेलं वाचताना मला आमचा तो पितळी तांब्या ओट्यावरून गडगडताना दिसला.

नानांनी हात धुतले, मायला मध्ये घालून मंदाची परवानगी घेतली आणि लखनच्या गळ्याला बोट लावलं. ज्या बोटाने ते कांडीतली चीर ओळखत, त्याच बोटाने. लखन गिळत होता. नानांचं बोट हनुवटीखालून सावकाश खाली सरकलं, मग परत वर आलं आणि तिथेच थांबलं.

"वरी शे," ते म्हणाले. "नरडं पार वरी शे! तोंड शे, आनि नरडाले जागाच नही."

मग त्यांनी स्वतःचा गळा चाचपला. मायचा चाचपला. शेवटी मला जवळ बोलावलं. चार दिवसांनी पहिल्यांदा. माझ्या गळ्यावर बोट ठेवून त्यांनी थुंकी गिळायला सांगितलं आणि अंतर बोटांनी मोजून बिडीच्या पाकिटावर लिहिलं.

"तुन्हं आजून थोडं उतरनं बाकी शे," ते म्हणाले.

कांडी लहान करायची तर खरादी सगळी मापं सारख्या हिशेबाने लहान करतो. दहा इंची कांडी पाच इंची झाली की तिचं टोकही निम्मं आणि पोटही निम्मं. नानांनी तेच केलं होतं. मोठ्या माणसाच्या नळीत गळा आणि तोंड जवळजवळ सारखे, म्हणून बाळाच्या नळीतही त्यांनी ते सारखेच ठेवले होते. आणि बाळ तसं नसतं.

एका लखनवर विसंबून राहणारे ते नव्हते. रविवारी सकाळी चाळीतलं प्रत्येक पोर त्यांनी ओट्यावर बोलावलं. एका वर्षाचं, दीड, दोन, तीन, पाच. प्रत्येकाच्या गळ्याला बोट, कानापासून ओठापर्यंत दोरा, पाकिटावर आकडा. हे चाललं असताना कोपऱ्यावरच्या सरलाबाई आल्या, कंबरेवर हात ठेवून घटकाभर उभ्या राहिल्या आणि घरोघर सांगत सुटल्या, "हिलाल पडजीभ बसाडस!"

अर्ध्या तासात रांग लागली. पडजीभ वर बसवली की खोकला जातो म्हणून ज्यांच्या पोरांना खोकला होता ते आले, ज्यांच्या पोरांना काहीच नव्हतं तेही आले. कुणी गुळाचा खडा आणला, कुणी नारळ. एक बाई दिंडोलीहून सासऱ्यांना घेऊन आली, त्यांचं वय पंच्याहत्तर. नाना ओरडून सांगत होते की ते काही बरं करत नाहीत, नुसतं मोजतात. पण त्यांच्या सपाट आवाजात ते बोलणं मंत्रासारखंच वाटत असावं. म्हाताऱ्याच्या गळ्यालाही त्यांनी बोट लावलं आणि गंभीरपणे आकडा लिहिला. संध्याकाळी सरलाबाई परत आल्या, त्यांच्या नातवाचा खोकला थांबला म्हणून सांगायला. आमच्या घरी त्या आठवड्यात तीन वेळा नारळाची चटणी झाली.

मंगळवारी नाना म्हणाले, "योगी, चाल. आते खरं सांगजो."

नवी नळी एकूण लांबीला तेवढीच होती, साडेआठ. पण गळ्याचा भाग दोन बोटांचाही नव्हता, बाकी सगळं तोंड. सूरही त्यांनी पेटीच्या दुसऱ्या टोकाचा, बारीक काढला होता. ते भाता दाबत राहिले आणि मी ऐकत राहिले.

"नही," मी म्हणाले.

त्यांनी पटाशी घेतली, आतून केसभर लाकूड काढलं.

"नही."

खरं सांगणं इतकं जड असेल असं मला वाटलं नव्हतं. प्रत्येक "नही"ला ते मान हलवून परत खरादीवर वाकत. भूपेंद्रभाई कारखाना बंद करायला आले, थांबले, किल्ली तिथेच ठेवून निघून गेले. बुधवारी मी तीन वेळा नाही म्हटलं. गुरुवारी दोन वेळा. आणि मग तिसऱ्या वेळी भाता दाबला गेला. लाकूड रडत होतं.

"उना," मी म्हणाले. "नाना, उना!"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली, "बरं" म्हणाले आणि नळी कागदात गुंडाळायला लागले.

तेव्हा मला कळलं की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही. ठेवावासा वाटत होता, पण बोट लावून पाहता येत नव्हतं.

शुक्रवारी गायत्रीबेन आल्या. नळी ऐकून त्यांनी पिशवीतून जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, एका पानावर थांबल्या. "अहीं ज लखेलुं छे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "अपने पिताजी से बोल, मैंने ये परीक्षा के लिए पढ़ा था. हाथ में आज पकड़ा." मी ते सांगितलं. नाना हसले, हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शिकेल लोके गोड बोलतस."

त्याच दिवशी गायत्रीबेनच्या पुस्तकातली आणि बिडीच्या पाकिटावरची मापं जुळवून नानांनी तीन वर्षांच्या मुलाची नळी केली. ती त्यांनी मला ऐकवली नाही.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. दीडशे बायका आल्या असतील. गोंधळ नको म्हणून पोरांना घरी ठेवून या, असं गायत्रीबेननी आधीच बजावलं होतं. त्यामुळे हॉलमध्ये एकही लहान मूल नव्हतं. मंदा तिसऱ्या रांगेत होती, लखनला सासूजवळ ठेवून आलेली. सरलाबाई पहिल्या रांगेत मध्यभागी. भूपेंद्रभाई मागे दाराला टेकून, फक्त बघायला.

गायत्रीबेन हिंदीत बोलत आणि मी ते आमच्या बोलीत सांगत होते. माईकवर, मोठ्याने. घर बांधणं चालू असतं तेव्हा आपण दाराला रंग का नाही म्हणून भांडत नाही. पोराचा गळाही आधी बांधून होऊ द्या. त्याची जीभ ठीक आहे, तिला फिरायला जागाच अजून तयार नाही. बायका ऐकत होत्या, पण ऐकण्यापुरतंच. मागे कुजबुज सुरू झाली होती. एकीने जांभई दिली.

"आते हाई ऐका," मी म्हणाले.

नानांनी टेबलामागे भाता धरला. सवयीने मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायला निघाले, त्यांनी मला हाताने बाजूला केलं. त्यांना माझे ओठ नको होते. ते समोर बघत होते, त्या दीडशे चेहऱ्यांकडे.

आधी मोठ्या माणसाची नळी वाजली. बायका हसल्या, एकमेकींना कोपरं मारली. "मना सासरानागत!" कुणीतरी म्हणालं.

मग त्यांनी ती आखूड नळी लावली आणि भाता दाबला.

मी समोरच बघत होते, म्हणून मला सगळं दिसलं. पहिला हुंदका निघाला आणि हॉलमधल्या झाडून साऱ्या माना मागे वळल्या, दाराकडे. कुणाचं पोर रडतंय? कोण घेऊन आलं? दाराला टेकलेले भूपेंद्रभाईसुद्धा बाहेर डोकावले. दोन बायका अर्धवट उठल्या. नाना दाबत राहिले. तळहाताने नळीचं तोंड झाकत, उघडत. लाकूड रडत राहिलं, मध्येच थांबून परत.

मंदा उठून उभी राहिली होती. तिला बहुधा माहीतही नव्हतं की आपण उभ्या आहोत. तिने एकदम छातीशी हात नेला, खाली पाहिलं आणि घाईघाईने पदर घट्ट लपेटला. पण त्याआधी निळ्या पोलक्यावर दोन ओले डाग पसरत गेलेले दिसले होते. तिला पान्हा फुटला होता.

नानांनी ते पाहिलं. लगेच नजर खाली घातली, दुसऱ्या कुणाच्या घरात चुकून गेलेला माणूस घालतो तशी. भात्यावरचा त्यांचा हात थांबला. हॉलमध्ये एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत सरलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "ओ माय! लाकूड शे का ते?"

नानांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ओठांवर.

त्यांनी मला विचारलं नाही.

मग काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बायकांनी टेबलाला गराडा घातला. प्रत्येकीला नळी हातात घेऊन बघायची होती. गायत्रीबेन ओरडून सांगत होत्या की आता तुम्हीच बघा, एवढ्याशा गळ्यात "र" कुठे मावणार. आता ते सगळ्यांना पटत होतं. पोराला बुवाकडे न्यायचं ठरवून बसलेली एक बाई रडत होती. मंदा गर्दीतून वाट काढत आली आणि पदर घट्ट धरून म्हणाली, "हिलालभाऊ, लाकूडले दूध पाजाले लावशात का मनाकडथून?" तिचे ओठ नानांनी पहिल्या झटक्यात वाचले. ते असे हसले की भात्यावरचा हात सटकला आणि नळी आणखी एकदा किंचाळली. सगळ्या परत दचकल्या, परत हसल्या.

तिसरी नळी वाजवायला ते त्या दिवशी जवळजवळ विसरलेच होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी ती लावली. तीन वर्षांच्या मुलाचा आवाज, आता त्यात थोडा गळा होता, थोडं अंगण. माय बाजूला उभी राहून सतरंज्या गोळा करत होती. आवाज झाला तशी तिने "काय व?" म्हणत मागे वळून खाली पाहिलं, आपल्या गुडघ्यांच्या उंचीवर, जिथे मी दहा वर्षांपूर्वी असायची. मग तिने मान वर करून मला शोधलं.

नानांनी तेही पाहिलं. त्यांनी नळी काढून घेतली आणि रुमालात बांधली.

पुढची चोवीस वर्षं त्यांनी हे काम केलं. कांड्या बंद झाल्या, धोटेवाले लूम भंगारात गेले, पण नळ्या मागवायला माणसं येत राहिली, बडोद्याहून, नागपूरहून, एकदा थेट मद्रासहून. भूपेंद्रभाई पाहुण्यांना आत आणत आणि म्हणत, "आ अमारा हिलालभाई. गळा बनावे छे." ते "अल्या" कधी गेलं आणि "भाई" कधी लागलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लखन मोठा झाला, कामरेजच्या एका कारखान्यात लागला आणि लग्नात माईक हातात घेऊन इतका बोलला की मंदाने नानांना खूण करून विचारलं, "हाई गळा बंद कसा करतस?"

नाना गेल्या महिन्यात गेले. शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होते. त्यांना ठसका लागत होता, पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागे. माय उशाशी बसून त्यांच्याशी ओठांनी बोलत असे. नर्सला वाटे की म्हातारी जप करते.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हात वर केला. बोटाची जागा चुकली नाही. माझ्या हनुवटीखालून ते बोट सावकाश खाली आलं आणि जिथे थांबायचं तिथे थांबलं.

"बोल," ते म्हणाले.

तेव्हा लक्षात आलं की त्यांचे कान गेल्यापासून मी त्यांच्याशी कधी आवाज काढून बोललेच नव्हते. गरजच पडली नव्हती. मी तोंड उघडलं आणि मोठ्याने म्हटलं, "नाना."

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने वळून पाहिलं.

त्यांचं बोट माझ्या गळ्यावर तसंच होतं. कांडी धोट्यात बरोबर बसली की ते जशी मान हलवत तशी त्यांनी हलवली.

"उतरनं," ते म्हणाले. उतरलं. "आजून एक डाव बोल."